हातकड्यांच्या व्हिडिओला हसणाऱ्या माझ्या मित्रांनो

सकाळी उठून फोन बघितला तर शाळेच्या ग्रुपवर परत तोच व्हिडिओ. लष्करी विमान, अमेरिकेने परत पाठवलेली, रांगेने चालणारी आपली माणसं, हातात बेड्या, पायात साखळ्या, आणि खाली ढीगभर हसणारे इमोजी. "बरी खोड मोडली." "आम्ही काय वेडे होतो का व्हिसासाठी वर्षानुवर्षं थांबायला." आणि त्याच्याच खाली एकाने मला टॅग करून लिहिलंय, "तू त्या बॉर्डरच्या गावात राहतेस ना गं, जपून राहा, या लोकांमुळे तिकडे फार गुन्हेगारी वाढलीये." काळजीनेच लिहिलंय त्याने, माहितीये मला. पण सकाळपासून जे डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, तिथे मावणार नाही म्हणून इथे लिहितेय. लांब होणारे, वाचायचं असेल त्याने वाचा.

मी एल पासोत राहते. टेक्सासचं पार पश्चिमेकडचं टोक. नदीच्या अलीकडे एल पासो आणि पलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ. नदी म्हणजे रिओ ग्रांदे, नाव मोठं, पण इथे ती सिमेंटच्या कालव्यातून जाते आणि वर्षातले कित्येक महिने नुसता तळ दिसतो. 1848 च्या तहात ही नदी सरहद्द ठरली, पण माणसं काही त्याने तुटली नाहीत, इथे घरटी कुणीतरी पलीकडे असतंच, कुणाची आई, कुणाची सख्खी बहीण. रोज सकाळी दप्तरं घेतलेली पोरं पुलावरून चालत इकडे शाळेला येतात आणि इकडची माणसं दात दाखवायला, औषधं आणायला तिकडे जातात कारण इथे परवडत नाही. पलीकडच्या डोंगरावर पांढऱ्या रंगात, स्पॅनिशमध्ये, 'बायबल सत्य आहे, वाचा' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की मला ते गाडी चालवताना वाचता येतं. म्हणजे किती जवळ ते बघा.

आता तुमची ती गुन्हेगारी. 2010 साली हुआरेझमध्ये वर्षभरात 3,000 च्या वर खून पडले. कार्टेलांची, म्हणजे ड्रग्जच्या टोळ्यांची, लढाई चालू होती, वाढदिवसाच्या पार्टीत शिरून पोरं मारली लोकांनी. त्याच वर्षी नदीच्या अलीकडे, एल पासोत किती खून झाले? 5. आणि एल पासो म्हणजे कुठलं गोऱ्यांचं गाव नाही, इथे दहातली आठ माणसं लॅटिनो, स्वतः तिकडून आलेली नाहीतर आईबाप, आजीआजोबा तिकडून आलेले. 'ही लोकं' जर गुन्हा पाठीवर बांधून येत असती ना, तर हे शहर सगळ्यात आधी जळालं असतं. त्या काळात तिकडे खंडणी मागायला लागले म्हणून दुकान बंद करून जी माणसं इकडे पळून आली त्यांनी इथे येऊन हॉटेलं काढली, अजून चालवतायत. हुआरेझमधल्या चकमकीतली गोळी उडून इथल्या सिटी हॉलला लागली होती तेव्हा. गोळ्या आल्या एकदा. खुनी काही आले नाहीत मागोमाग.

बरं, आता त्या मुलाबद्दल सांगते, कारण सकाळपासून तोच डोक्यात आहे.

2022 चा डिसेंबर. इथे चर्चच्या बाहेर फुटपाथवर नदी ओलांडून आलेली माणसं ब्लँकेटं गुंडाळून झोपत होती, महापौरांनी आणीबाणी जाहीर केलेली, थंडी मरणाची. मला एका निवाऱ्यातून ओळखीच्या बाईचा फोन आला, म्हणाली एक पोरगा आलाय, स्पॅनिश येत नाही, इंग्लिश येत नाही, बहुतेक तुमच्याकडचा आहे, येशील का. गेले. हरियाणाचा निघाला, कैथलच्या बाजूचा, असेल वीस-बावीसचा. कॉटच्या कडेला बसलेला, आणि बुटांना नाड्या नाहीत. बॉर्डर पेट्रोलवाले पकडलं की नाड्या काढून घेतात, पट्टा काढून घेतात, त्यामुळे तिथून सुटून निवाऱ्यात येणारा माणूस पाय घासत घासत चालतो, जिभा बाहेर आलेले ते बूट, आणि म्हणून निवाऱ्यातल्या बायका नाड्यांची खोकी भरून ठेवतात. मी नुसतं "कहाँ से हो बेटा" म्हटलं तर तो ताडकन उभा राहिला आणि वाकून पायाच पडायला लागला. कितीतरी दिवसांत त्याला कुणी त्याच्या भाषेत काही विचारलंच नव्हतं. मग जो बोलत सुटला तो थांबेना.

वडिलांनी दोन किल्ले जमीन विकली, किल्ला म्हणजे त्यांच्याकडे एकर. एजंटाने 40 लाख घेतले आणि सांगितलं विमानाने नेतो. विमानाने नेलं दक्षिण अमेरिकेपर्यंत, पुढे बस, होडी, पनामाचं जंगल चालत. मग मेक्सिको. आणि हुआरेझला बसमधून उतरल्यावर टॅक्सीवाल्याने थेट एका घरात नेऊन कोंडलं. खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक, एका खोलीत कितीतरी जण, फोन काढून घेतले, तोंडावर मारलेल्याचे फोटो काढून वडिलांना पाठवले. तिसरा किल्ला तेव्हा गेला. तो मला म्हणाला, "आंटी, जंगल में उतना डर नहीं लगा, उस कमरे में लगा."

हा तुमचा गुन्हेगार.

त्याच्या वाटेवर कोण कोण कमावलं ते बघा. गावातला एजंट, त्याच्या वरचा एजंट, जंगलातले, टॅक्सीवाला, घरात कोंडणारे. गुन्हे झाले, भरपूर झाले, सगळे त्याच्यावर झाले. आणि हे काय आभाळातून पडलेलं नाही. 2019 मध्ये अमेरिकेचा नियम निघाला की आश्रय मागायला आलात तर केस चालेपर्यंत मेक्सिकोत थांबा, मग 2020 मध्ये कोविडच्या साथीचं कारण काढून आल्या पावली परत पाठवायला लागले, ते थेट 2023 च्या मेपर्यंत. म्हणजे हजारो अनोळखी माणसं, खिशात नातेवाइकांचे फोन नंबर, हुआरेझच्या रस्त्यावर आणून सोडली. पळवून नेणाऱ्यांना आणखी काय हवं होतं? त्यांना गिऱ्हाईक शोधायला जावंच लागलं नाही.

हो, कायदा मोडला त्याने. मोडला. आणि आश्रयासाठी खोटी गोष्ट सांगणारेही असतात, पढवून पाठवतात एजंट, मला माहितीये. पुढे बोलू.

"आम्ही लीगल आलो." हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडून ऐकलं की मला आता खरंच सहन होत नाही. 1917 मध्ये अमेरिकेने कायदा केला त्यात जवळपास अख्ख्या आशियालाच बंदी, आपण त्यात आलोच. 1946 मध्ये दार किलकिलं केलं ते वर्षाला 100 भारतीय एवढंच. 1965 चा कायदा आला म्हणून तुमच्या-आमच्यासारख्यांना रांग तरी मिळाली. त्या बंदीच्या काळात कितीतरी पंजाबी मेक्सिकोमार्गे गुपचूप आले, कॅलिफोर्नियात इम्पीरियल व्हॅलीत शेतं कसली, मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, त्यांची नातवंडं आहेत आज. त्यांना पण हसायचं का? त्याच 1917 साली इथे एल पासोच्या पुलावर रोज कामाला येणाऱ्या मेक्सिकन बायकांना कपडे उतरवून केरोसीनने आंघोळ घालायचे, उवा मारायच्या म्हणून. कार्मेलिता टोरेस नावाच्या 17 वर्षांच्या मुलीने नकार दिला आणि बायकांनी पूल अडवून धरला. मोलकरीण होती ती. तिच्यामुळे मला हे गाव आवडतं.

त्या मुलाने मला विचारलं होतं, "आंटी, आप कैसे आए?" मी म्हटलं नवऱ्याची नोकरी होती, विमानाने. "कितने दिन लगे?" मी म्हटलं एक. त्याने मान हलवली, बस. जराही राग नाही, हेवा नाही. तुमच्या इमोजींमध्ये जेवढा विखार आहे ना त्याच्या शंभरावा भागसुद्धा त्या पोराच्या तोंडावर नव्हता.

आणि भीती वाटायचीच म्हणालात तर मला कुणाची वाटते सांगू? 3 ऑगस्ट 2019, शनिवार, शाळा उघडायच्या आधीची खरेदी, इथलं वॉलमार्ट गच्च भरलेलं. गोळीबारात 23 माणसं गेली. हुआरेझहून खरेदीला आलेली माणसंही होती त्यात. मारणारा नदी ओलांडून नव्हता आला. तो आला होता अ‍ॅलनहून, डॅलसजवळच्या, म्हणजे तुमच्यातले कितीतरी जण राहतात त्या प्लेनो-फ्रिस्कोच्या शेजारून, रात्रभर गाडी हाकत, मेक्सिकन लोकांना मारायचं म्हणून. इथे आक्रमण चाललंय असं लिहून ठेवलं होतं त्याने. आज ग्रुपवर एकाने हाच शब्द लिहिलाय. बघा जाऊन. मी नाव घेत नाही.

ड्रग्ज येतात, हो येतात. फेंटानिल, ते जीवघेणं ड्रग, तेही येतं. पण ते वाळवंटातून बुटाच्या नाड्या गेलेल्या पोरांच्या पाठीवरून येत नाही, बहुतेक करून ते अधिकृत पुलावरून गाडीत लपवून येतं आणि त्यात शिक्षा झालेले बहुसंख्य लोक अमेरिकन नागरिक असतात, कारण पासपोर्टवाल्याची गाडी कमी तपासतात. आणि उलट्या बाजूने बंदुका जातात. मेक्सिकोत दुकानात जाऊन बंदूक घेणं जवळपास अशक्य, लष्कराची एक-दोन दुकानं आहेत अख्ख्या देशात. इथे टेक्सासमध्ये काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. हुआरेझची पोरं ज्या बंदुकांनी मेली त्या कुठून गेल्या यावर कुणी व्हिडिओ बनवून फॉरवर्ड केलेला मी अजून पाहिला नाही.

हुआरेझच्या बायकांबद्दल पण लिहायचं होतं, 1993 पासून तिथे फॅक्टरीत काम करणाऱ्या मुली गायब व्हायला लागल्या, खांबांवर गुलाबी-काळ्या रंगात क्रूस रंगवलेत त्यांच्या आयांनी, आपण घेतो त्या टीव्हीचे आणि गाड्यांचे पार्ट त्याच फॅक्टऱ्यांत जोडतात, ते सामान पुलावरून ट्रक भरभरून येतं, कुणी अडवत नाही. पण त्यावर वेगळं लिहायला पाहिजे, इथे दोन ओळींत उरकणं बरोबर नाही.

एक मात्र सांगतेच. 27 मार्च 2023 च्या रात्री हुआरेझमध्ये, पुलाच्या अगदी जवळ, मेक्सिको सरकारच्या स्थलांतरितांच्या कोठडीत आग लागली. 40 पुरुष गेले. दाराला कुलूप होतं. कॅमेऱ्यात दिसतं, धूर भरत चाललाय आणि गणवेशातली माणसं दार न उघडता निघून जातायत. इथून नदीपलीकडे बघितलं तर ती जागा हाकेच्या अंतरावर. त्या मुलाने नदी ओलांडली डिसेंबरमध्ये. तीन महिने उशीर झाला असता, त्या घरातल्यांनी आणखी पैसे मागितले असते आणि वडिलांकडे चौथा किल्ला नसता, मग तिथल्या पोलिसांनी उचललं असतं, तर? मला त्या रात्री झोप लागली नाही हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. तुम्ही दुष्ट नाही आहात रे. याच ग्रुपने कोविडमध्ये रात्र-रात्र जागून कुणाकुणाच्या आईबाबांसाठी ऑक्सिजन शोधलाय, ओळखही नव्हती त्यातल्या अर्ध्यांची. म्हणून तर एवढं लागलं. शहरावर ताण येतो हे मान्य, त्या डिसेंबरमध्ये आमचं गाव खरंच मेटाकुटीला आलं होतं, निवारे भरले, पैसे संपले. पण तरी लोक डबे घेऊन येत होते, ज्यांचं स्वतःचं भागत नाही असे लोक.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी बसने कॅलिफोर्नियाला गेला, कुणीतरी मावसभाऊ होता त्याचा. जायच्या आधी माझ्या फोनवरून आईशी बोलला. "हाँ मम्मी, खाना खा लिया, होटल में हूँ, बढ़िया होटल है." बोलता बोलता दुसऱ्या हाताने बुटात नवीन नाडी ओवत होता. एक-दोनदा मेसेज आला नंतर, ट्रक चालवायला शिकतोय म्हणून. मग तो नंबर बंद झाला. 5 फेब्रुवारी 2025 ला ते पहिलं विमान अमृतसरला उतरलं, 104 जण, महाराष्ट्रातलेही होते त्यात, तेव्हापासून असा प्रत्येक व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघते, त्यात तो आहे का म्हणून. आजचा पण तसाच बघितला. तुम्ही हसत होतात तेव्हा मी चेहरे बघत होते.

आता कामाचं. ऑगस्ट 2025 पासून इथे फोर्ट ब्लिसच्या लष्करी तळावर तंबूंची मोठी छावणी झालीये, 5,000 माणसं ठेवता येतील एवढी. इथले जे वकील फुकट केसेस लढतात त्यांना दुभाषे पुरत नाहीत. पंजाबी येणारं कुणी असेल तर सगळ्यात आधी, मग गुजराती, हिंदी. इथे यायला लागत नाही, फोनवरून होतं, आठवड्यातला एखादा तास दिलात तरी चालेल. कायद्याचं काही माहिती असायची गरज नाही, फक्त माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. इनबॉक्स करा.

आणि ज्याने सकाळी तो व्हिडिओ टाकला त्याला, तुझी बायको लुधियान्याची आहे ना? तिला माझा नंबर दे.