गारव्याला दोष देण्याआधी एसी उघडून बघा

पोराला खोकला झाला की आपल्याकडे पहिला ठपका गारव्यावर. मग एसी अठरावरून सव्वीसवर जातो, अंगावर जास्तीची गोधडी येते आणि खोकला तसाच राहतो. माझं मत स्पष्ट आहे. अशा खोकल्यात बऱ्याचदा गारव्यापेक्षा एसीच्या पोटात साचलेली घाण जास्त दोषी असते आणि ती घाण कोणी बघतच नाही.

खोलीतली दमट हवा एसीतल्या थंड कॉईलवरून, म्हणजे गार नळ्यांवरून जाते तेव्हा तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊन ट्रेमध्ये पडतं. अंधार, ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशी धरणारच. पुढची जाळी फक्त जाडी धूळ अडवते. बारीक कण आणि बुरशीचे बीजाणू तिच्यातून आरपार जातात, हवा बाहेर फेकणाऱ्या ब्लोअरच्या पात्यांवर बसतात आणि हवेबरोबर पुन्हा खोलीत येतात. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला एवढ्याने शिंका, चोंदलेलं नाक, छातीत घरघर सुरू होऊ शकते.

त्यात आपलं ठाणं. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, नवे टॉवर, रात्रभर ट्रक. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. हीच धूळ जाळीवर बसते. पावसाळ्यात खाडीकाठची दमट हवा, एसी बरेच दिवस बंद आणि आतला ओलावा तसाच. ऑक्टोबर हीटमध्ये बटण दाबलं की पहिल्या झोतात कुबट वास येतो. आपण मात्र सर्व्हिस मार्चमध्ये करून मोकळे झालेलो असतो. माझ्या मते ऑक्टोबरची सर्व्हिस मार्चइतकीच गरजेची आहे.

आणि सर्व्हिस म्हणजे काय? शेजारच्या काकूंकडे दरवर्षी कॉन्ट्रॅक्टवाला येतो, जाळी नळाखाली धरतो, वरून फडकं मारतो, सही घेऊन जातो. या वेळी त्यांनी दुसरा मेकॅनिक बोलावला, मी तिथेच उभी होते. त्याने कव्हर उतरवून जेट पंप मारला तर ब्लोअरमधून काळंकुट्ट पाणी आलं. ट्रेच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर, पात्यांवर केसाळ काजळी. काकूंना दमा आहे आणि त्या रोज त्याच खोलीत झोपतात. मला भयंकर राग आला. पैसे पूर्ण घ्यायचे आणि ब्लोअरला हात लावायचा नाही, ही फसवणूकच आहे.

काही जण लेजिओनेलाची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूची भीती घालतात. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या साथीनंतर तो जिवाणू ओळखला गेला, पण तो वाढतो मुख्यतः मोठ्या इमारतींच्या एसीची उष्णता पाण्याने बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये आणि पाण्याच्या टाक्या-नळांत. घरच्या स्प्लिट एसीला कूलिंग टॉवर नसतो. ती धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायची तर बंद खोलीची घ्या. नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. दारं-खिडक्या घट्ट लावून त्यात मच्छर कॉईल पेटवणं तर भयंकर आहे. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉईलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. तान्ह्या बाळाच्या खोलीत हे चालतं, हे बघून जीव तुटतो. मच्छरदाणी लावा. झोपण्याआधी थोडा वेळ खिडकी उघडा.

आज रात्री एवढं करा: एसी बंद करून प्लगही काढा, पुढची पट्टी हाताने अलगद खाली करा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा. पात्यांवर काळे ठिपके दिसले तर मेकॅनिकला फोनवरच विचारा, ब्लोअर आणि ट्रे जेटने धुणार का? नाही म्हणाला तर दुसरा शोधा. जाळी दोन-तीन आठवड्यांनी घरीच धुवा. एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसत्या फॅनवर चालू द्या, म्हणजे कॉईल सुकेल.

आणि खोकला महिनोन् महिने हटत नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्रास एसीच्या खोलीत वाढतो का आणि गावी गेल्यावर कमी होतो का.