खुलासा : चिऱ्यात फास्टनर ठोकून कॉइन मशीन पक्कं होत नाही

‘जांभ्याच्या चिऱ्यात चार फास्टनर ठोका, कार वॉशचं कॉइन मशीन हलणार नाही,’ असा मेसेज कोकणात फिरतोय. तो चुकीचा आहे. हा फास्टनर म्हणजे आवळला की फुगणारा बोल्ट; तो फुगून भोकाच्या कडांवर दाब देतो. चिरा सच्छिद्र आणि मऊ, त्यामुळे कडांचा भुगा होतो आणि पहारीच्या एका हिसक्यात मशीन उपटतं.

त्याऐवजी एम25 (ताकदीची एक प्रत) काँक्रीटचा पाया घाला, 28 दिवसांनी ड्रिल करा. एम12 म्हणजे 12 मिमी जाड, आट्यांच्या रॉडला 14 मिमी भोक, 110 मिमी खोल. फुंका, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा फुंका. मग केमिकल अँकर, म्हणजे रॉड भोकात चिकटवणारं रसायन, भरा; धूळ राहिली तर ते काँक्रीटला धरतच नाही, आणि घाई नेमकी इथेच होते. नट मशीनच्या पेटीच्या आतून लावा. रॉड 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचाच; खाऱ्या वाऱ्यात 304 ग्रेडलाही खड्डे पडतात.