वेटरच व्हायचं तर डिग्री कशाला?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एक मेसेज फिरतो : 'हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे लाखो रुपये भरून वेटर होणं. कोपऱ्यावरच्या उडप्याकडे पोरगं तेच फुकट शिकतं, वर पगार मिळतो. मुलींनी तर या फंदात पडूच नये.' यंदा तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि माझी भाची फॉर्म भरता भरता थांबली. हाउसकीपिंगमध्ये मी 21 वर्षं काढली आहेत, म्हणून लिहायला बसले.

आधी वेटरचं. ट्रे उचलावा लागतो, हे खरंच आहे. कोर्समध्ये काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात ट्रेनिंग असतं आणि फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन, सर्व्हिस या चारही खात्यांत राबावं लागतं. मी पहिले पंधरा दिवस फक्त बाथरूम घासले. एका बाथरूमला किती वेळ लागतो हे हाताला माहीत आहे, म्हणूनच आज रूम बॉयला दिवसाला किती खोल्या द्यायच्या ते मला कळतं. आणि वेटरचं काम हलकं, हे ठरवलं कोणी? शिवाय ही पदवी घेऊन लोक हॉस्पिटलांच्या हाउसकीपिंगमध्ये जातात, विमानतळांवर जातात, आयआरसीटीसीत रेल्वेच्या खानपानावर देखरेख करायला जातात.

उडप्याकडे शिकून स्वतःची हॉटेलं उभी केलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण एक हिशेब बघा. सुरमई 900 रुपये किलोने आणली. डोकं, शेपटी, पोटातली घाण काढून हातात राहिली 600 ग्रॅम. म्हणजे माशाचा खरा भाव पडला 1500 रुपये किलो. 150 ग्रॅमची तुकडी 225 रुपयांना पडते. बाजारभाव धरून हिशेब केला, तर ती 135ची वाटते. ताटामागे 90 रुपये जातात आणि गल्ला भरलेला दिसत असूनही हॉटेल बुडतं. जुन्या मालकालाही हे येतं, पण दोन-चार वेळा हात पोळल्यावर. कॉलेजात ते वहीवर शिकवतात. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये तासन्‌तास का ठेवायचं नाही, हेही तिथेच कळतं. ते चुकांमधून शिकायचं म्हटलं तर किंमत गिऱ्हाईक मोजतं.

लाखो रुपयांबद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. चार शेगड्यांचं 'ट्रेनिंग किचन' दाखवून भरमसाट फी घेणारी खासगी कॉलेजं आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी किचन बघा, आणि आधीच्या बॅचची मुलं ट्रेनिंगला कुठे गेली ते त्या मुलांनाच विचारा. दादरचं केटरिंग कॉलेज 1954 सालचं आहे. त्याच्यासारख्या सरकारी संस्थांत एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. फी तिथेही किरकोळ नाही, पण शिकवणं पक्कं आहे.

खरी अडचण मेसेजवाल्याने सांगितलीच नाही. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी 11 ते 3 आणि पुन्हा संध्याकाळी 7 ते 11, मधले चार तास ना घरचे ना दारचे. लक्ष्मीपूजनाला मी कितीतरी वर्षं घरी नव्हते. हे ज्याला झेपणार नाही त्याने येऊ नये, आणि न येण्यात काही कमीपणाही नाही.

राहिला मुलींचा मुद्दा. महाराष्ट्रात 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षेची व घरी सोडण्याची सोय मालकाने करायची असते. 'गाडी कितीला, कुठून सुटते?' हे मुलाखतीतच विचारायचं. मी प्रत्येक ठिकाणी विचारलं आणि त्यापायी नोकरी कधी अडली नाही.

भाचीला शनिवारी सकाळी सातला हॉटेलवर बोलावलंय, माझ्याबरोबर चादरी मोजायला. फॉर्म भरायचा की नाही, ते त्यानंतर तीच ठरवेल.