डिफेन्स की डेंटल: कॅनडात वाद घालायचाच तर असा घाला

पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचं कार्ड, हातात आलंय, स्नो टायर कधी लावायचे ते कळलंय, टिम हॉर्टन्समध्ये डबल-डबल कॉफी मागताना जीभ अडखळत नाही, म्हणजे आता इथल्या राजकारणावर तुमचं ठाम मत असायलाच हवं. घरांच्या किमती आणि इमिग्रेशन हे दोन विषय चुकूनही काढू नका, दोन्हीत शेवटी बोट आपल्याकडेच वळतं. त्यापेक्षा सरकारने सैन्यावर खर्च करावा की लोकांवर, हा विषय घ्या. ह्यात कुठूनही बोललं तरी माणूस विचारी वाटतो, आकडे इतके मोठे असतात की ऐकणारा मनातल्या मनात पडताळू शकत नाही, आणि बिल कोण भरणार हे कोणी विचारत नाही. टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या कुठल्याही बेसमेंटमध्ये शनिवारी संध्याकाळी काढा, पावभाजी होईपर्यंत सहज पुरतो.

आधी बाजू निवडा. कुठलीही चालेल, अभ्यास दोन्हीला सारखाच लागतो, म्हणजे लागत नाही.

सैन्याची बाजू घेतलीत तर टक्क्यांत बोला. नेटोचे दोन टक्के, दोन टक्के असं म्हणत राहायचं, कशाचे ते सांगायचं नाही. समोरच्याला वाटतं सरकारच्या खर्चाचे दोन टक्के, त्यात काय एवढं, द्या की! ते असतात जीडीपीचे, म्हणजे २०२५-२६ साठी साधारण ६२-६३ बिलियन डॉलर, सरकारच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. आरोग्यासाठी ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, सगळ्या प्रोव्हिन्सना, म्हणजे इथल्या राज्यांना, मिळून त्याच वर्षासाठी जे दिलं ते ५४.७ बिलियन. पण हे दोन आकडे एका वाक्यात आणू नका, उगाच वातावरण गंभीर होतं.

आणि हे वचन कोणी दिलं असं विचारलं तर लगेच विषय बदला. २०१४ साली वेल्सच्या नेटो परिषदेत तेव्हाचे पंतप्रधान हार्परसाहेबांनी मान्य केलं होतं, कॉन्झर्व्हेटिव्ह, सैन्यावर जिवापाड प्रेम करणारा पक्ष, आणि त्याच सुमाराला कॅनडाचा खर्च घसरून जीडीपीच्या १ टक्क्याच्या आसपास आला होता. भाषणात रणगाडे आणि बजेटमध्ये कात्री, हे त्यांना बरोबर जमायचं. मग लिबरल पक्षाचे ट्रूडो आले, ते २०२४ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन म्हणाले २०३२ पर्यंत करू. त्यांच्यानंतरचे लिबरल पंतप्रधान कार्नी निवडणुकीत म्हणाले २०३० पर्यंत, आणि निवडून आल्यावर ९ जून २०२५ ला म्हणाले की ह्याच आर्थिक वर्षात. अकरा वर्षं जे जमत नव्हतं ते अचानक नऊ महिन्यांत!

कसं जमलं म्हणता? ९.३ बिलियन वाढवले, त्यात सैनिकांचा पगार वगैरे आला, आणि तो खरंच वाढायला हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गंमत कोस्ट गार्डची आहे. कॅनडाचं कोस्ट गार्ड म्हणजे लाल-पांढरी जहाजं, बर्फ फोडणार, बोया टाकणार, बुडणाऱ्या मच्छीमाराला बाहेर काढणार, शस्त्रं नाहीत. इतकी वर्षं ते मत्स्य खात्याखाली होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये उचलून संरक्षण खात्यात टाकलं. जहाजं तीच, माणसं तीच, बर्फही तोच, आणि टक्का वाढला. लग्नात आलेलं आहेराचं पाकीट वरचं नाव खोडून पुढच्या लग्नात द्यायची कला आपल्याकडे घरोघरी असते, पण ती राष्ट्रीय धोरण म्हणून वापरता येते हे इथे येऊन कळलं.

आता पुढची पातळी. जून २०२५ मध्येच हेगला नेटोने ठरवलं की २०३५ पर्यंत ५ टक्के. ह्यातले साडेतीन खरे लष्करी आणि दीड टक्का बंदरं, पूल, रस्ते, सायबर, खनिजं असल्या संरक्षणाशी 'संबंधित' गोष्टींसाठी. कार्नींनीच सांगितलंय की पाच टक्के म्हणजे वर्षाला १५० बिलियनच्या घरात. तुम्ही लोककल्याणवाले असाल तर खचू नका, उलट तुमची खरी संधी ह्या दीड टक्क्यात आहे. तुमच्या गल्लीतला खड्डा बुजवून हवाय? म्हणा की इथून रणगाडा जाणार आहे. डे-केअरच्या जागा वाढवायच्यात? म्हणा की सैनिकभरतीला आडवा येणारा मुख्य प्रश्न पाळणाघराचा आहे. दातांच्या उपचारांची सरकारी योजना तर सरळ तिकडेच ढकला, दुखऱ्या दाताचा सैनिक आर्क्टिकमध्ये काय लढणार!

दातांचं निघालंच आहे तर. दुसऱ्या बाजूने बोलायचं ठरवलंत तर डेंटल प्लॅन हा तुमचा हुकमाचा पत्ता. २०२२ साली एनडीपी ह्या डाव्या पक्षाने लिबरल सरकारला पाठिंबा देताना हा पदरात पाडून घेतला, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीचा इन्शुरन्स असल्यामुळे तो मिळत नाही, त्यामुळे त्याच्यावर अगदी तटस्थपणे बोलता येतं. सोशल प्रोग्राम म्हणजे डेंटल, दिवसाला दहा डॉलरचं डे-केअर आणि डायबेटिसची औषधं, एवढंच धरून चाला. सगळ्यात मोठा प्रोग्राम कुठला हे सांगू नका. तो आहे ओल्ड एज सिक्युरिटी, म्हातारपणाची पेन्शन, वर्षाला ८० बिलियनच्या वर, सैन्यापेक्षाही मोठा. आणि तिची मजा बघा, डेंटलसाठी अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न ९० हजारांच्या खाली लागतं, पण ह्या पेन्शनमधली कपात एकेका माणसाच्या साधारण ९० हजारांच्या पुढे सुरू होते, म्हणजे दोघं मिळून वर्षाला पावणेदोन लाख सारखे वाटून कमावणारे आजी-आजोबा पूर्ण पेन्शन घेऊन फ्लोरिडाला जाऊ शकतात. ह्याच्यावर कुठलाच पक्ष तोंड उघडत नाही, कारण आजी-आजोबा न चुकता मतदान करतात. तुम्हीही उघडू नका. तुमचे सासू-सासरे पुढच्या सोफ्यावर बसलेले असतील.

पिअरसनचं नाव मात्र घ्यायलाच हवं. लेस्टर पिअरसन, सुएझ कालव्याच्या प्रकरणात शांतिसेनेची कल्पना मांडली, १९५७ चं शांततेचं नोबेल, टोरंटोच्या विमानतळालाही नाव दिलंय, उतरलात तेव्हा बघितलं असेल. कॅनडा म्हणजे बंदुका नाहीत, कॅनडा म्हणजे पीसकीपिंग, असं म्हणून डोळे थोडे मिटायचे. आज कॅनडाचे किती सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आहेत हे कोणी विचारलं तर पाणी आणायला उठा, कारण ती संख्या काही डझनांत आहे. आणि पिअरसनबद्दल एक गोष्ट कुठल्याच बाजूने बोलायची नाही, दोघंही चिडतात. पन्नासच्या दशकात, तो परराष्ट्रमंत्री असताना, कॅनडा सैन्यावर आजच्या दुप्पट टक्क्यांहून जास्त खर्च करत होता, आणि १९६६ ला पंतप्रधान म्हणून त्यानेच देशभर मेडिकेअर आणलं तेव्हाही तो टक्का दोनच्या वरच होता. म्हणजे एकाच देशाने, एकाच माणसाच्या हाताने, दोन्ही केलं होतं. हे जर खरं धरलं तर आपण शनिवारी बसून काय करतोय असा प्रश्न पडेल.

उलटंही झालंय. १९९५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री पॉल मार्टिनने तूट भरून काढायला सैन्यही कापलं आणि प्रोव्हिन्सना आरोग्य-शिक्षणासाठी जाणारे पैसेही कापले. दोन्ही भावंडांना एकाच दिवशी मार पडला. पण भावंडं अजून एकमेकांकडेच संशयाने बघतात.

विमानांबद्दल बोलायची वेळ येणारच. एफ-३५ ह्या अमेरिकन लढाऊ विमानाबद्दल बिनधास्त कुठलंही मत ठेवा, कुठल्या ना कुठल्या वर्षी ते कॅनडा सरकारचं अधिकृत मत होतंच. २०१० ला हार्पर म्हणाले ६५ घेतो. २०१५ ला ट्रूडो म्हणाले अजिबात घेणार नाही. २०२३ ला त्याच ट्रूडोंच्या सरकारने सांगितलं की ८८ घेतो, १९ बिलियनमध्ये. २०२५ च्या मार्चमध्ये कार्नी म्हणाले, ट्रम्प असं वागतायत तर परत विचार करू. आणि जूनमध्ये ऑडिटर जनरलने सांगितलं की आकडा आता २७.७ बिलियन झालाय, शिवाय हँगर उशिरा तयार होतायत आणि पायलट कमी आहेत. म्हणजे विमानं ठेवायला जागा नाही आणि चालवायला माणूस नाही, पण वाद मात्र विमानं मोडून दवाखाने बांधावेत का ह्याचा चाललाय.

खर्च टाळण्यातही पैसे लागतात, हे शिकायचं असेल तर माजी पंतप्रधान क्रेतियांचं उदाहरण द्या. १९९३ ला त्यांनी निवडणूक लढवताना नव्या हेलिकॉप्टरांना कॅडिलॅक म्हणून हिणवलं, निवडून आल्यावर ऑर्डर रद्द केली, टाळ्या मिळाल्या, आणि रद्द करण्यापोटीच पाचशे मिलियनच्या आसपास गेले. मग १९६३ ची सी किंग हेलिकॉप्टरं २०१८ पर्यंत उडवली. तिकडे आर्क्टिकमध्ये गस्त घालणाऱ्या रेंजर्सच्या हातात अगदी अलीकडेपर्यंत ली-एनफिल्ड होती, तीच हो, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री-नॉट-थ्री. अर्थात एक गोष्ट मानायला हवी, थंडीत ती अडकत नसे.

सैन्याचा उपयोग काय, हा प्रश्न विचारायचा असेल तर ऋतू बघून विचारा. उन्हाळ्यात नको, तेव्हा जंगलं पेटलेली असतात आणि प्रोव्हिन्सवाले सैन्य पाठवा म्हणून ओटावाला फोन करत असतात. जानेवारीतही नको, निदान टोरंटोत तरी नको, कारण १९९९ ला तिथल्या मेयरने बर्फ उपसायला आर्मी बोलावली होती आणि उरलेला देश त्याच्यावर अजून हसतोय.

२०२० चा वसंत तर पूर्णच टाळा. कोविडमध्ये ऑन्टारियो आणि क्युबेकच्या वृद्धाश्रमांत माणसं मरायला लागली, कर्मचारी पुरेनात, तेव्हा सैनिक पाठवले, बंदुका नाही, हातमोजे घालून, म्हाताऱ्यांना भरवायला आणि पुसायला. त्यांनी ऑन्टारियोतल्या पाच वृद्धाश्रमांबद्दल जे लिहून दिलं त्यात झुरळं होती, कुजकं अन्न होतं, आणि मदतीसाठी ओरडत राहिलेले रहिवासी होते ज्यांच्याकडे कोणी येत नव्हतं. मे २०२० मध्ये ते बाहेर आलं आणि देश हादरला. इन्स्पेक्टर होते, मंत्रालय होतं, प्रोव्हिन्सचं सरकार होतं, पण लोककल्याणाची अवस्था काय आहे हे कागदावर आलं ते लष्कराच्या अहवालात. आता सांगा, हा खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा? म्हणून म्हटलं, टाळा.

फॅमिली डॉक्टर मिळत नाही अशी कोणी तक्रार केली तर उत्तर तयार ठेवा: ते प्रोव्हिन्सचं काम. प्रोव्हिन्सवाला भेटला तर: ओटावा पैसे देत नाही. पुण्यात प्रॅक्टिस केलेला आणि इथे आता भलतंच काम करणारा एखादा डॉक्टर तिथेच बसलेला असेल, त्याला पाव गरम करायला पाठवा. आणि फारच देशभक्त कोणी निघाला तर त्याला सांगा की नोव्हेंबर २०२२ पासून पीआरवाल्यांनाही सैन्यात भरती खुली आहे. पहिल्या वर्षभरात एकवीस हजारांवर अर्ज आले आणि आत घेतले शंभरसुद्धा नाहीत, कागदपत्रं तपासणं चालू होतं. रशिया आलाच तर त्यालाही आधी फॉर्म भरायला लावतील.

ऑन्टारियोच्या उत्तरेला नेस्कांटागा नावाची फर्स्ट नेशन, म्हणजे मूळ रहिवाशांची वस्ती, आहे, तिथे १९९५ पासून पाणी उकळून पिण्याची सूचना लागू आहे. हा मुद्दा कुठल्याच बाजूचा नाही, त्यामुळे तो कोणीच काढत नाही.

आता एकच शब्द सांगतो जो संपूर्ण संध्याकाळ उच्चारायचा नाही. टॅक्स. हार्परनी जीएसटी सातवरून पाचवर आणला, कोणी परत वर न्यायची हिंमत केली नाही. कार्नींनी १ जुलै २०२५ पासून सगळ्यात खालच्या स्लॅबचा दर १५ वरून १४ केला, त्याआधी ग्राहकांवरचा कार्बन टॅक्स शून्यावर आणला, कॅपिटल गेन्सवरच्या टॅक्समधली ठरलेली वाढ रद्द केली, अमेरिकन टेक कंपन्यांवरचा डिजिटल टॅक्स ट्रम्प ओरडल्यावर सोडून दिला. सैन्य वाढणार, डेंटल राहणार, पेन्शनला हात नाही, आणि टॅक्स कमी. मग ४ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ७८.३ बिलियनची तूट दिसली तर आपण सगळ्यांनी मिळून आश्चर्य व्यक्त करायचं. सैन्याला पाच वर्षांत ८० बिलियनच्या वर, सरकारी नोकऱ्या २०२३-२४ च्या तुलनेत सुमारे चाळीस हजारांनी कमी, आणि परदेशी मदतीत २.७ बिलियनची कपात, जी करणार नाही असं प्रचारात सांगितलं होतं. मदत घेणारे इथे मतदान करत नाहीत ना.

आणि ह्या बजेटवरच्या मतदानाचा तपशील मात्र पाठ करून जा, उपयोगी आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणत होते तूट प्रचंड आहे, एनडीपी म्हणत होती लोकांसाठी काही नाही, दोघंही विरोधात. बजेट पडलं असतं तर ऐन थंडीत निवडणूक. १७ नोव्हेंबरला ते १७० विरुद्ध १६८ ने पास झालं, कारण एनडीपीच्या सातपैकी दोघांनी आणि कॉन्झर्व्हेटिव्हांच्याही दोघांनी मतच दिलं नाही. तुम्हीही तेवढंच ताणा. ज्याच्याशी रात्री अकरापर्यंत एफ-३५ वरून भांडताय त्याच्याच गाडीतून ब्रॅम्प्टनला परत जायचंय, आणि उणे अठरामध्ये उबरचे रेट बघितलेत का?