‘हौशींची लूट’ म्हणणाऱ्या वाचकास

अमेरिकेतील डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती (डिस्क) फेकून ती टोपलीत टाकण्याच्या खेळाच्या, स्पर्धांचे प्रवेशशुल्क कोठे जाते, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. हौशी खेळाडूंकडून रोख पैसे घ्यायचे, घाऊक भावात आणलेल्या चकत्या दुकानाच्या किमतीला त्यांच्या गळ्यात मारायच्या आणि मधला फरक व्यावसायिकांच्या बक्षिसांत घालायचा, ही लूट असून मी त्या लुटारूंचा भाट आहे, असे आपले म्हणणे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु टोपणनावाच्या आडून दुसऱ्याला भाट म्हणणे कितपत शोभते, हे आपणच ठरवावे.

एक चूक मान्य करतो. प्रत्येक खेळाडूमागे पीडीजीएला, म्हणजे या खेळाच्या नियामक संघटनेला, द्यावा लागणारा आकार मी हिशेबात धरला नव्हता. तो आता घातला आहे.

राहिला ‘मधला फरक’. हौशी खेळाडूने रोख बक्षीस घ्यायचे नाही, हा पीडीजीएचा नियम आहे; व्यावसायिक गटात खेळून रोख रक्कम स्वीकारली की हौशी दर्जा जातो. म्हणून हौशींची बक्षिसे मालाच्या रूपात दिली जातात आणि त्या मालाची किंमत दुकानातील दराने धरली जाते. हे कोणी लपवलेले नाही. शार्लटजवळ मी स्वतः दोन वर्षे सी-टियर, म्हणजे खालच्या, स्थानिक पातळीची स्पर्धा भरवली आहे. दुकानात 18 डॉलरला मिळणारी डिस्क मला 10 डॉलरला पडली, म्हणजे डिस्कमागे 8 डॉलर सुटले. त्यातून उद्यानाचे भाडे आणि दोन फिरत्या शौचालयांचे पैसे भागवले, आणि ओबीची (मैदानाबाहेर धरल्या जाणाऱ्या जागेची) हद्द दाखवणारे जे झेंडे मी पहाटे टॉर्चच्या उजेडात ओढ्याकाठी रोवत होतो, तेही त्यातूनच आणले. हे 8 डॉलर नसते, तर तेवढेच पैसे प्रवेशशुल्कात चढले असते. उरलेले 90 डॉलर मी ओपन, म्हणजे व्यावसायिकांच्या, गटाच्या बक्षीस रकमेत टाकले, हे खरे आहे; परंतु त्या गटातील विजेत्याचे तेवढ्यात पेट्रोल तरी सुटले असेल की नाही, शंकाच आहे.

लुटले जाण्याचा अनुभव मलाही असायला हवा होता. पुण्याहून इकडे आल्यावर खेळलेल्या पहिल्याच स्पर्धेत, 50 डॉलर भरून, मी शेवटून तिसरा आलो आणि तरीही प्रत्येक खेळाडूला मिळणाऱ्या प्लेअर पॅकमधील एक डिस्क आणि टी-शर्ट घेऊन घरी परतलो. त्या पॅकची किंमत हौशींना द्यावयाच्या बक्षिसांतच मोजली जाते, हे आपल्या गणितात कोठे दिसले नाही.

इतर मुद्द्यांवर फार लिहावे असे काही नाही. डिस्क बनवणाऱ्या डिस्क्राफ्ट कंपनीने 2021 मध्ये व्यावसायिक खेळाडू पॉल मॅकबेथशी केलेल्या दहा वर्षांच्या, एक कोटी डॉलरच्या कराराचा दाखला आपण दिलात. तो माणूस आमच्या उद्यानात खेळायला येत नाही. एस पूल, म्हणजे पहिल्याच फेकीत डिस्क टोपलीत टाकणाऱ्यासाठी जमवलेली रक्कम, ऐच्छिक असतो, ती प्रवेशशुल्कात मोजू नये. ज्यांना डिस्क नकोत, त्यांच्यासाठी काही स्पर्धांत कमी शुल्काचा, केवळ चषकाचा पर्याय असतो. आमच्या नावनोंदणीत तो सर्वांत खाली दिला होता; आपण बहुधा तेवढे खाली वाचत गेला नसाल.