कोको कुठाय?

ब्लाँडी, म्हणजे ब्राउनी केकची गोरी बहीण, करायला घेतली की आमच्या घरात चौकशी आयोग बसतो. "बाकी सगळं ठीक, पण कोको कुठाय?" नवरा विचारतो, लेक विचारते, वासावर आलेल्या शेजारच्या काकूही विचारतात. ब्राउनीत चॉकलेट किंवा कोको; ब्लाँडीत त्याऐवजी ब्राउन शुगर, बटर आणि व्हॅनिला यांचीच काय ती मजा. एवढं सांगूनही काकूंच्या लेखी ती फसलेली ब्राउनीच.

खरं तर चॉकलेट सगळ्यांचं सगळं पोटात घालतं. बटर जुनं असो, व्हॅनिला स्वस्तातलं असो, कुणाला पत्ता लागत नाही. ब्लाँडी मात्र एक नंबरची चुगलखोर.

म्हणून मी बटर आधी मंद आचेवर कढवून घेते. फेस येतो, तडतड थांबते, तळाशी तांबूस कण दिसायला लागतात आणि खमंग वास सुटतो. नेमक्या तेव्हाच सासूबाई आत आल्या. "तूप कढवतेयस होय? गॅस बंद कर, बेरी करपेल." इथवर आमचं एकमत होतं. पण मी वळेपर्यंत त्यांनी भांड्यावर गाळणी धरलेली! "आई, गाळू नका, सगळी चव त्या बेरीतच आहे!" जन्मभर तूप गाळलेल्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहा पत्तीसकट प्यायला सांगत होते.

मग ब्राउन शुगरची सुनावणी. बाजारातली बरीचशी ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेलाच परत मळी लावलेली. "आधी काढायची, मग लावायची आणि वर जास्त पैसे घ्यायचे?" सासूबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा गूळ घाल की." यावर कुठल्याही वकिलाने काय बोलावं?

काकूंना मी इतिहास ऐकवला. अमेरिकेत फॅनी फार्मरबाईंनी १८९६ साली आपल्या पाककृतींच्या पुस्तकात छापलेल्या ब्राउनीत चॉकलेट नव्हतंच. होती मळी आणि पेकनचे, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्यामेव्याचे, तुकडे. चॉकलेट आलं त्याच पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत. म्हणजे थोरली कोण? काकू शांतपणे म्हणाल्या, "घातलं ना शेवटी? काहीतरी कमी वाटलं असणार."

१८० अंशांवर साधारण पंचवीस मिनिटं. ब्राउनीच्या रंगावरून काही कळत नाही, काडी खुपसावी लागते. ब्लाँडीच्या कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग किंचित मऊ असला की बाहेर काढायची. हा मऊपणा बघून "कच्चंय" म्हणायचं काम नवऱ्याकडे असतं. गार झाल्यावर ती घट्ट होते, पण तोवर थांबायचं कुणी?

थांबल्या त्या सासूबाई. मी फोनवर असताना त्यांनी सुरी घेतली आणि चौकोनी तुकड्यांऐवजी नारळाच्या वड्यांसारखे तिरके काप पाडले. कडेला उरले त्रिकोण, म्हणजे सगळ्यात चिवट, खरपूस, टोकाचा ऐवज. मी येईपर्यंत ताटलीत एकही त्रिकोण नव्हता.

"ते कडेचे होते गं," सासूबाई तोंड पुसत म्हणाल्या, "ते मोजायचे नसतात."