डेंटल थेरपिस्ट आणि न होणारी बचत

डेंटल थेरपिस्टना परवाना दिला की राज्याचे पैसे वाचतात, हे इथे अमेरिकेत ऐकून ऐकून कान किटले आहेत. मी या परवान्याच्या पूर्ण बाजूची आहे. पण पैसे वाचतील म्हणून नाही. तिजोरीतून उलट थोडे जास्तच जातील, आणि ते जायलाच हवेत.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं. डेंटल थेरपिस्ट म्हणजे डेंटिस्ट आणि दात साफ करणारी हायजिनिस्ट यांच्या मधली पायरी. शिक्षण साधारण तीन वर्षांचं. किडलेली दाढ कोरून सिमेंट भरायचं, लहान मुलांच्या दाढेला स्टीलची कॅप बसवायची, दुधाचे दात काढायचे, अशी ठरावीक कामं, तीही डेंटिस्टशी लेखी करार करून. अक्कलदाढ, इम्प्लांट यांना हात लावायचा नाही. न्यूझीलंडमध्ये शाळांसाठी अशा डेंटल नर्स तयार करायला 1921 मध्येच सुरुवात झाली. अलास्कात विमानाशिवाय पोचता येत नाही अशी गावं आहेत. तिथल्या मूळनिवासींच्या आरोग्य संस्थांनी आपली मुलं शिकायला न्यूझीलंडलाच पाठवली. ती परतून कामाला लागली, तेव्हा 2006 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन कोर्टात गेली! पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि थेरपिस्ट टिकले.

राज्य म्हणून परवाना देणारं पहिलं आमचं मिनेसोटा, 2009 साली. मग मेन, व्हरमाँट, मिशिगन, कोलोरॅडो अशी रांग लागली. 2024 मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिननेही कायदा केला.

आता त्या 2009 ची गंमत बघा. मंदी होती, बजेटला मोठं भगदाड पडलं होतं. ज्या वर्षी गरिबांच्या दातांसाठी हा नवा परवाना आला, त्याच वर्षी मेडिकेडमधल्या बहुतेक प्रौढांचे दातांचे उपचार कापायचंही ठरलं आणि 2010 पासून ते लागू झालं. मेडिकेड हा गरिबांचा सरकारी विमा, अर्धा-अधिक पैसा केंद्राचा, उरलेला राज्याचा. मुलांच्या दातांचे उपचार त्यात द्यावेच लागतात, प्रौढांचे मात्र राज्याच्या मर्जीवर. त्यामुळे बजेट फाटलं की पहिली कात्री तिथे. म्हणजे एका हाताने दुकान उघडायला परवानगी दिली आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे काढून घेतले.

आमदारांना परवाना का आवडतो ते यात कळतं. विधेयकासोबत खर्चाचा अंदाज जोडावा लागतो आणि परवान्याचा खर्च जवळपास शून्य येतो, कारण इथली परवाना मंडळं आपला खर्च परवानाधारकांच्या फीमधूनच भागवतात. फोटो काढायचा, सही करायची, तिजोरीला धक्का नाही.

बचतीचा हिशेब कुठे फसतो? मिनेसोटात मेडिकेड फिलिंगचे जे पैसे देतं, ते फिलिंग डेंटिस्टने केलं काय नि थेरपिस्टने केलं काय, तेवढेच. राज्याचा एक डॉलरही त्यात वाचत नाही. थेरपिस्टचा पगार डेंटिस्टपेक्षा बराच कमी, तो फरक दवाखान्याकडे राहतो. आणि राहू दे की! मेडिकेडचे दर इतके कमी की अनेक दवाखाने ते पेशंट घेतच नाहीत. हा फरक हातात राहिला तर ते परवडायला लागतात. शिवाय इथल्या कायद्यानेच थेरपिस्टला मुख्यतः गरीब, विमा नसलेल्या किंवा डेंटिस्टची टंचाई असलेल्या भागातल्या लोकांसाठी काम करणं बंधनकारक आहे. म्हणजे ज्यांना तारीखच मिळत नव्हती त्यांना ती मिळणार, आणि त्यांची बिलं राज्याकडेच येणार. खर्च वाढला तर योजना फसली असं म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न: मग ती चालली हे कशावरून ओळखायचं ठरवलं होतं?

शेवटी मिनेसोटाला पाकीट उघडावंच लागलं. 2022 पासून मेडिकेडचे दातांचे मूळ दर 98 टक्क्यांनी वाढवले, म्हणजे जवळपास दुप्पट. प्रौढांचे पूर्ण उपचार 2024 पासून परत आले. मधली 14 वर्षं लोकांनी दाढ दुखली की काय केलं असेल?

हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठली. देशभरात दातांसाठी वर्षाला सुमारे 20 लाख वेळा लोक तिथे जातात. तिथे दाताचा डॉक्टर क्वचितच असतो. वेदनाशामक आणि अँटिबायोटिक देऊन घरी पाठवतात, दाढ तशीच. यातला खर्च खरोखर कमी होऊ शकतो, पण तो विखुरलेला असतो: थोडा हॉस्पिटलचा, थोडा विमा कंपन्यांचा, थोडा केंद्राचा. राज्याच्या बजेटमध्ये 'न झालेला खर्च' असा रकाना नसतो. मेरीलँडमध्ये 2007 साली 12 वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत जाऊन दगावला. साधारण 80 डॉलरमध्ये दात निघाला असता. हॉस्पिटलचं बिल अडीच लाख डॉलरच्या घरात गेलं होतं.

इथे माझी एक मैत्रीण कायम भांडते. महाराष्ट्रातून बीडीएस, इंटर्नशिप धरून पाच वर्षं, वर स्वतःची प्रॅक्टिस. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली आणि आता डेंटिस्टच्या शेजारी उभी राहून सक्शन धरते. "अगं, मला फिलिंगला हात लावायची परवानगी नाही आणि ही तीन वर्षांत शिकलेली मुलगी भरणार?" तिचा संताप मला पटतो, निष्कर्ष नाही. ती पोरगी जे शिकली तेवढंच करते.

महाराष्ट्रात 2025 मध्ये सीसीएमपी, म्हणजे ॲलोपॅथीच्या औषधांचा सर्टिफिकेट कोर्स, केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले, तोच वाद इथे आहे असं कुणी कमेंटमध्ये लिहिणार, म्हणून आधीच सांगते. तिथे एका शास्त्राच्या पदवीधरांना दुसऱ्या शास्त्राची औषधं लिहू देण्याचा प्रश्न आहे. इथे कामाची यादी छोटी आहे आणि शिक्षण नेमकं त्या यादीपुरतं.

मैत्रिणीच्या बाबतीत मला सुचतं ते सरळ आहे. परदेशी बीडीएस झालेल्यांना थेरपिस्टची परीक्षा थेट देऊ द्या. पास झाले तर डेंटिस्टच्या देखरेखीखाली, टंचाईच्या भागात काम करू द्या. नवीन कॉलेज नको, अनुदान नको, परीक्षेची फी ते स्वतः भरतील. मात्र मेडिकेडच्या दातांच्या तरतुदीला पुढच्या तंगीत पुन्हा कात्री लावायची असेल, तर एवढी खटपटही करू नका.